चंदनाच्या साबणाची वडी
चंदनी साबणाचा वास आला की मला माझा बावळटपणा आठवतो. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या दुष्काळात मी एका साबण कंपनीसाठी ग्राहकांची मतं विचारत खेडोपाडी फिरायचो. जे घर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देईल, त्याच्या नावानं कंपनी गावाला हंडाभर पाणी दान देणार होती. एका मावशीला मी ऐटीत विचारलं, "दिवसातून किती वेळा आंघोळ करता?" ती हसली. "प्यायला न्हाई साहेब, आन आंघोळीचं काय इचारताय?" मी लिहू लागलो तशी, उत्तर चुकलं तर हंडा हुकेल म्हणून ती घाबरली. "थांबा, दोनदा लिवा! साबण हाय घरात." मला खरं वाटावं म्हणून तिनं लेकीच्या बाळंतपणासाठी जपलेली वडी फोडली, पाणी तळाला गेलेल्या रांजणातून तांब्या भरला आणि माझ्या हातांवर ओतला. मी नको नको म्हणेपर्यंत पाणी मातीत जिरलंसुद्धा. शेवटचा प्रश्न होता, कशाची उणीव वाटते? "कशाचीच न्हाई," ती घाईनं म्हणाली. घरी बायकोनं माझ्या हातांचा वास घेतला, सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आन तुम्ही हात पुढं केले?"