बंद-चालूचा रिमोट

आमच्या अलार्मचे सेल बदलायला यायचा तो माणूस ओठांत स्क्रू धरूनच बोलायचा आणि अख्ख्या कोल्हापूरला पावणं म्हणायचा.

अलार्म बसवला त्या दिवशी वडिलांनी त्याला सांगितलं, "परसदाराला लाव आणि बिनतारी भोंगा माझ्या खोलीत ठेव. सून कधी भायेर जाती ते मला कळाय पायजे."

त्यानं ओठांतले स्क्रू काढून हातावर घेतले. "पावणं, ह्यो चोरासाठी असतोय की!"

भोंगा त्यानं वडिलांनी सांगितला तिथंच लावला. बंद-चालू करायचा रिमोट मात्र वहिनीच्या हातात दिला. "दिवसभर घरात ह्या असत्यात. रिमोट ह्यांच्याजवळच ऱ्हाणार. पटत नसंल तर आत्ता खोलून नेतो."

वडील गप्प झाले. मी, तिचा सख्खा दीर, कधीपासून गप्पच होतो. माझ्या तोंडात तर एकही स्क्रू नव्हता.