हन्नामावशींच्या अंगणातला अब्राहाम

हन्नामावशी कायमच्या इस्रायलला निघाल्या होत्या, लेकाकडे. त्यांचा फोन आला आणि मी पनवेलला जायचं ठरवलं. गाव सोडून पस्तीस वर्षं झाली. मुंबईला जाताना बसच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच माझं पनवेल उरलं होतं.

रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरली. घाटात गर्दी नसेल तर तीनेक तास पुरतात. गाडी गावात जाणार की कळंबोलीला सोडणार, हे चढतानाच विचारा. मी विचारलं नाही, म्हणून कळंबोलीला लोखंड वाहणाऱ्या ट्रकांमधून वाट काढत रिक्षा शोधावी लागली. इस्रायल तळ्याजवळ सोडा म्हटल्यावर रिक्षावाला खुलला. "आमी लहानपनी तिथं पवायचो. आता कोन नाय उतरत."

तळ्यापासून जवळच आमची बैठी चाळ होती. एका टोकाला हन्नामावशी, बेने इस्रायल ज्यू. मधे आम्ही ख्रिस्ती. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. पलीकडे नसरीन, माझ्याच वर्गातली. संध्याकाळी मावशी अंगणात अब्राहामाची गोष्ट सांगायच्या. देवाने त्याचा मुलगा बळी म्हणून मागितला, बाप त्याला घेऊन डोंगरावर गेला, सुरी उचलली आणि देवाने हात थांबवला. मावशींच्या गोष्टीत तो मुलगा इसहाक. संडे स्कूलमध्ये मी ऐकलेला तोही इसहाक. नसरीन म्हणायची, तो इस्माईल, त्याची आठवण म्हणून तर बकरीद. नववीत असताना मी तिला म्हणाले, तुमच्यात चुकीचं सांगतात. ती उठून घरी गेली. पुढे बाबांची बदली होऊन गाव सुटलं, तोवर आम्ही बोललो नव्हतो.

चाळीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. अंगण होतं तिथे गाड्या लावतात. तिसऱ्या मजल्यावरचं मावशींचं दार उघडलं ते नसरीनने. तळोज्याहून आली होती. मी येणार हे मावशींनी तिला सांगितलं नव्हतं, आणि मलाही नाही.

प्रवासाला निघायचं म्हणून घरात मलिदा होता: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. पहिला घास घ्यायच्या आधीच मी नसरीनची माफी मागितली. ती हसली. म्हणाली, मोठेपणी नीट वाचलं तेव्हा कळलं, कुराणात त्या ठिकाणी मुलाचं नावच नाही. इस्माईल हे बहुतेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. आणि बाप मुलाला आधी स्वप्न सांगतो, मुलगा स्वतः म्हणतो, हुकूम झालाय तसं करा. मी सांगितलं, आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट ऐकताना देवाने स्वतःचा पुत्र दिला ते आठवतात. मावशी म्हणाल्या, ज्यूंच्या नव्या वर्षाला सिनेगॉगमध्ये हा भाग वाचतात. त्यांना मात्र दर वर्षी मुलाची आई साराच आठवते, तिला कुणी विचारलंच नाही.

 मग नसरीनने सांगितलं, तिचा धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. बावीस वर्षांचा. मला काहीच ठाऊक नव्हतं.

"मुलगा कोणता, यावर आपण भांडलो," ती म्हणाली. "मला आता एवढंच दिसतं गं, बाप त्याला घेऊन घरी परतला."

मावशींनी तिचा हात हातात घेतला. निघेपर्यंत सोडला नाही.

परतीला स्टँडवरून थेट पुण्याची गाडी मिळाली. सोमवारी सकाळी मी बायबल काढून तो अध्याय वाचला. अब्राहाम डोंगरावरून आपल्या चाकरांकडे परत आला, असं लिहिलंय. मुलगा बरोबर आला की नाही, ते त्या ओळीत नाही. इतक्या वेळा ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नसरीनला हे सांगितलं नाही. फोन मात्र लावला आणि तिच्या लेकाचं नाव विचारलं. आरिफ, ती म्हणाली. मग त्याला काय आवडायचं, तो कसा हसायचा, ते सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिले.