अठ्ठावीस दिवसांची सुट्टी

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. आक्काला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवापुढे बसूनही नाही — त्याला ठाऊक असणारच, मग बोलायचं कशाला, असं म्हणत हात जोडून उठत आले. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. की हीसुद्धा एक पळवाटच?

सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. नियमापासून करते, कारण आयुष्यभर मी त्या नियमाच्याच आड उभी राहिले.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी सोलापुरात एका आयकर सल्लागारांच्या कचेरीत टायपिस्ट होते. कचेरी म्हणजे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि साहेबांचा खोकला. पण आमच्या गल्लीतून असं रोज पर्स घेऊन बाहेर पडणारी मुलगी मी एकटीच. माझे वडील, आबा, गिरणीत कामाला होते. ते सगळ्यांना सांगत, "आमची वंदी इन्कमटॅक्सात हाय." जसं काही ते खातं मीच चालवत होते. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. आवडायचं मला ते. गल्लीतले लोक कागद घेऊन यायचे, मी भुवया उंचावून वाचायची आणि काहीतरी सांगायची. बरंचसं बरोबर असायचं. बरंचसं.

माझी थोरली बहीण आक्का. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गिरणीत बॉयलरवर फिटर होते. लग्नानंतर दोन महिन्यांतच त्यांना बहरीनला काम मिळालं. ते गेले आणि मग आक्काला दिवस गेल्याचं पत्रानं कळवावं लागलं. आठ महिन्यांनी दाजी आले — पहिलं बाळंतपण म्हणून वरच्या माणसाच्या विनवण्या करून, दोन महिन्यांची बिनपगारी सुट्टी घेऊन. आक्का बाळंतपणाला आमच्याकडेच आली होती. भवानी पेठेतलं त्यांचं भाड्याचं घर कुलूप लावून ठेवलेलं.

ते घरच नडलं. निदान मी तरी तसंच सांगितलं.

नियम कळायला किचकट होता, मला समजला तेवढा सांगते. परदेशात कमावणाऱ्याचं इथे राहतं घर असेल आणि तो वर्षात तीस दिवस इथे राहिला, तर तो इथलाच रहिवासी धरायचा. आणि इथला धरला की तिकडच्या सगळ्या कमाईवर इथे कर. हे मी साहेबांच्या पत्रांत कितीदा टाइप केलं होतं. दाजी आले त्याच दिवशी, चहा होतो न होतो तोच, मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. दाजी बॉयलरला भीत नसत, पण सरकारी कागद म्हटला की त्यांच्या हाताला घाम यायचा. आबा म्हणाले, "मग त्ये घरच सोडून दे की." पण एकदा सोडलेलं भाड्याचं घर पुन्हा मिळायचं नाही, म्हणून ते राहिलं. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "वंदी म्हंतीया तर खरंच असंल."

मुंबईला उतरल्याचा दिवस धरायचा, विमानात बसण्याचा दिवसही धरायचा — हेही मीच सांगितलं. तीस म्हणजे काठावर नको, अठ्ठावीस बरे. दाजींनी पोस्टातून मुंबईच्या एजंटाला ट्रंक कॉल लावून तिकीट अलीकडचं केलं. आक्काचे दिवस भरायला त्यानंतरही आठवडा होता. आबा रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीनं फुली मारायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आज अकरा." आक्का ते ऐकून आत जायची.

इथपर्यंत माझी चूक नव्हती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. होती का? अर्धवट माहितीवर बोलले, एवढंच ना? पण मी काही इथवरचं सांगायला बसलेले नाही.

आबांनी चोवीस म्हटलं त्या दिवशी साहेबांनी मला एक पत्र सांगितलं. वैरागच्या एका व्यापाऱ्याला — त्याचा मुलगा कुवेतमध्ये इंजिनियर होता. मजकूर असा होता की यंदापासून नियम बदलला आहे. परदेशी नोकरी करणारा भारतीय सुट्टीवर आला असेल, तर तीसऐवजी नव्वद दिवस. काळजी नसावी, चिरंजीवांना निवांत राहू द्यावं. मी ते टाइप केलं. दोन कार्बन घालून. एकही चूक झाली नाही.

चार दिवस होते हातात. संध्याकाळी घरी गेले तर दाजी स्टुलावर उभे राहून तुळईत पाळण्यासाठी लोखंडी कडी ठोकत होते. ठोकून झाल्यावर दोन्ही हातांनी तिला लोंबकळले आणि म्हणाले, "म्या तुटंन, पर ही न्हाय तुटायची." आक्का हसली. त्या महिन्यात ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. मी पर्स खुंटीला लावली आणि पीठ मळायला बसले.

का बोलले नाही? खरंच कळत नाही. एकदा वाटतं, गल्लीत हसू होईल म्हणून. एकदा वाटतं, मला शंका होती — हा नियम इंजिनियरांना असेल, फिटरला असेल का? मग साहेबांना विचारायचं होतं की. पण विचारलं तर मी घरी त्यांच्या जिवावर वकिली करते हे त्यांना कळलं असतं. आणि आणखी एक आहे, ते लाजिरवाणं आहे. दोन खोल्यांचं घर, त्यात दाजी आल्यापासून मी चुलीपाशी निजत होते. ते गेले की जागा मोकळी होईल, हेही मनात आलं होतं. आलं होतं, खोटं कशाला बोलू.

अठ्ठाविसाव्या दिवशी दाजी विमानात बसले. सहा दिवसांनी मीना झाली. आबांनी तार केली. बाराव्या दिवशी त्या कडीला पाळणा टांगला, बायकांनी पाळणे म्हटले, आक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांना वाटलं, बाळंतीण थकलीय.

एवढंच असतं तर मी ते गिळून टाकलं असतं. भित्रेपणा म्हणून त्याला नाव देता आलं असतं. पण अडीच वर्षांनी, दुसऱ्या सुट्टीच्या आधी, दाजींचं मला पत्र आलं. त्यांच्या खोलीतला रत्नागिरीचा एक माणूस म्हणत होता की नियम नव्वद दिवसांचा आहे. "तू काय ते कळव," त्यांनी लिहिलं होतं, "तुझ्याबिगर मी कुणाचं ऐकनार न्हाय."

नव्वद लिहायला काय झालं होतं? पण मग त्यांनी विचारलं असतं, कधीपासून? आणि मी काय सांगणार होते? मी साहेब जेवायला जाईपर्यंत थांबले, मशीनवर कागद चढवला आणि टाइप केलं — नियम तीस दिवसांचाच आहे, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये. हातानं लिहिलं नाही. टाइप केलेलं खरं वाटतं.

ते आले, अठ्ठावीस दिवस राहिले. पहिल्या दिवशी मीना माझ्या पदराआड लपून म्हणाली, "मावशी, पाव्हणं आल्यात." सगळे हसले. दाजीही हसले, म्हणाले, "व्हय की, पाव्हनाच हाय म्या." पोरगी जरा जवळ यायला लागली तोवर आबांच्या फुल्या संपल्या. त्या सुट्टीत दाजींनी मला मनगटी घड्याळ आणलं होतं. वंदीनं मला वाचवलं, असं ते सगळ्यांना सांगत. तिसऱ्या सुट्टीतही अठ्ठावीसच दिवस. नंतर ते कायमचे परत आले, बाळू झाला. बाळू त्यांच्या मांडीवर वाढला, त्यांना 'ए बाबा' म्हणायचा. मीना त्यांना शेवटपर्यंत 'अहो बाबा' म्हणाली.

गेल्या वर्षी दाजी गेले. दिवसकार्य उरकल्यावर मीना माझ्याकडे आली. आता तिचेही केस पिकायला लागलेत. त्यांच्या पेटीत तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद सापडला होता. माझा. टाइप केलेला.

"मावशी," ती म्हणाली, "मला जन्मभर वाटायचं, मुलगी झाली म्हणून ते कधी जास्त थांबले नसतील. नकोशीच होते मी. पण हे वाचलं आणि... नियमच होता ना तसा?"

मी खरं सांगितलं असतं तरी तिचा बाप निर्दोषच ठरला असता. बिघडलं असतं ते फक्त माझं. हे मला तेव्हाही कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं — एवढ्या वर्षांच्या गोंधळात तेवढी एकच गोष्ट.

मी चष्मा लावला. कागद वाचल्यासारखं केलं. आणि म्हणाले, "हो गं. नियमच होता तसा."

तिनं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली.