जांभळं मशीन आणि आम्ही तिघं

मला आधी एक सांगा, भरवसा ठेवायचा तर कुणावर ठेवावा? माल एक नंबर आहे म्हणणाऱ्यावर, की माल बिघडलेला आहे म्हणणाऱ्यावर?

शहागंजात माझं जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचं दुकान आहे. शाळा लवकर सुटली. इंग्रजी शिकलो ते मशीनच्या पाठीवरच्या पाट्या वाचून. माझा अनुभव विचाराल तर, जो आधी खोट सांगतो त्याच्या हातात दुकानाची चावी द्यावी आणि खुशाल जेवायला जावं.

दुकानात भंगार साठतं तसेच किस्सेही साठतात. भंगाराला कधी ना कधी गिऱ्हाईक येतं. किश्श्यांना येत नाही, ते फुकटच वाटावे लागतात. तर घ्या!

आमची मंडळी तिघांची. मी, छावणीतले मॉनिटर दुरुस्त करणारे फय्याजभाई आणि गारखेड्याचे खरात साहेब. साहेब वाळूजच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करून रिटायर झालेले. तिघांना एकच खूळ, जुनी वर्कस्टेशनं आणि सुरुवातीचे फ्लॅट मॉनिटर जमवायचे. वर्कस्टेशन म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरचा पैलवान काका! कारखान्यांत नकाशे काढायला असायचं. एकेकाळी बंगल्याच्या किमतीचं, नंतर किलोच्या भावाचं.

पण खरात साहेबांचं खूळ वेगळं होतं. त्यांनी आयुष्यातलं पहिलं डिझाइन, गाडीचं ब्रेकचं पायडल, एका जांभळ्या वर्कस्टेशनवर काढलं होतं. कोपऱ्यात स्वतःचं नाव. पुढं कारखान्यानं ती मशीनं भंगारात काढली. मॅनेजरनं आठवण म्हणून डिस्क तेवढी साहेबांना देऊन टाकली. अडचण अशी, की त्या सॉफ्टवेअरची चावी मशीनच्याच पोटात. तसलं दुसरं चालत नाही, तेच मशीन असेल तर नकाशा उघडणार, नाहीतर डिस्क म्हणजे पेपरवेट!

"शेठ, एकदा बघायचंय," एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी तर डोळ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, नजर किती राहील याची खात्री नाही.

म्हणून आमचा सगळा शोध त्या एका मशीनसाठी.

* * *

सुरुवातीच्या फ्लॅट मॉनिटरांना एक रोग असायचा. पडद्यावर एखादा ठिपका मरायचा, काळाच राहायचा. फय्याजभाईंकडं असाच एक आला, ठिपका बरोब्बर मधोमध. आमचा नियम, आधी खोट सांगायची. भाईंनी गिऱ्हाइकाला ठिपका दाखवला आणि वर म्हणाले, "हौ साहब, काला टीका है. नजर नक्को लगे करके!"

गिऱ्हाईक हसत हसत मॉनिटर घेऊन गेलं.

आठवड्याभरात त्याचा मेहुणा आला. त्याला भाईंनी एकदम स्वच्छ, बिनठिपक्याचा मॉनिटर दाखवला. मेहुण्यानं पडदा वर-खाली न्याहाळला, चष्मा पुसून परत न्याहाळला.

"ह्याचा टीका कुठंय? मला बिनटीक्याचा नको, भाई. नवीन दुकान टाकतोय मी!"

* * *

आमच्या गल्लीत एक भंगारवाला हातगाडी घेऊन यायचा. तराजूवर त्याची फार श्रद्धा. एकदा त्यानं बटाट्याच्या पोत्यासारखा जड असा जुना, मोठ्या पोटाचा मॉनिटर आणला. तोलून झाला, आणि वर झुकतं माप म्हणून त्यानं गाडीतला एक सपाट मॉनिटर ठेवून दिला. "घ्या शेठ, पाटीच हाय ही, वजनच नाय हिच्यात!"

मी म्हटलं, "अरे बाबा, हाच महाग आहे. तो जड आहे ना, तो भंगार."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला फसवून पाटी परत गळ्यात मारतोय.

"शेठ, एकदा वरकड म्हणून दिलं ते म्या परत घेत नसतो. असलं काय बी सांगू नका!"

आणि गाडी अशी पळवली की मला त्याच्या मागं टिळक पथापर्यंत त्या पाटीचे पैसे घेऊन धावावं लागलं. पाहणारे म्हणाले, भंगारवाल्यानं शेठचं काहीतरी चोरलं!

* * *

गारखेड्यात तेव्हा रोज एक नवी बिल्डिंग उगवत होती. खरात साहेबही नव्या फ्लॅटमध्ये आले. सामानात पलंग दोन, वर्कस्टेशनं सहा! लिफ्टमधून मशीनं वर जाताना सगळ्या सोसायटीनं पाहिली.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या विंगमधल्या एक बाई मुलीला घेऊन दारात हजर.

"सर, बॅच कधी सुरू करताय?"

"कसली बॅच?"

"कॉम्प्युटर क्लासची! फी सांगा, आणि मुलींची वेगळी बॅच असेल तर बरं."

साहेबांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. "ताई, ह्यातलं एकही चालू नाही."

बाई उठल्या, मुलीला म्हणाल्या, "चल गं. आधीच्या क्लासमध्येही हेच होतं, पण त्यांनी फी घेतल्यावर सांगितलं!"

* * *

मग ते दुष्काळाचे उन्हाळे आले. जायकवाडी आटलं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. टँकर आला की सोसायटीत बादल्यांची लढाई. त्याच दिवसांत साहेबांनी कुठंतरी वाचलं, की मशीनच्या आतली सर्किटची पाटी धुळीनं माखली असेल तर सरळ पाण्यानं धुवावी, वाळवावी, काही होत नाही.

मी गेलो तेव्हा साहेब मोरीत बसून जुन्या ब्रशनं पाटी घासत होते. दारात वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"भाऊजी, बघा तुमच्या मित्राला! मी तांब्याभर पाण्यात केस धुतले, आणि ह्यांनी ह्या मेलीला दोनदा अंघोळ घातली. पाठसुद्धा चोळली!"

साहेब हळूच म्हणाले, "धुतलेलं पाणी मी टाकलेलं नाही."

"नाही टाकलं ना? मग ठेवा. उद्या तुमच्या अंघोळीला तेच!"

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या दुकानात आले ते अंघोळ न करता.

* * *

आता हा शेवटचा.

फुलंब्रीकडच्या एका वस्तीवरचा रामा मोबाइल दुरुस्तीला घेऊन दुकानात आला होता. फळीवर माझं तसलंच एक जांभळं वर्कस्टेशन होतं, ते पाहून म्हणाला, "हे तर आमच्या आक्काच्या कोंबडीखाली हाय!"

खरात साहेब तिथंच चहा पीत होते. कप तसाच राहिला.

रामा पूर्वी वाळूजला ठेकेदाराकडं भंगार भरायच्या कामावर होता. तिथून त्यानं ते डबडं ठेकेदाराला पैसे देऊन घरी नेलेलं. साहेबांनी एकच विचारलं, "पुढच्या बाजूला लाल डाग आहे का?"

"हाय की. कुंकवाचा. किती घासला, निघत नाय."

दर दसऱ्याला साहेब मशीनची पूजा करायचे. कुंकू प्लास्टिकमध्ये मुरून बसलेलं. तेच मशीन!

आम्ही तिघं माझ्या टेम्पोतून निघालो. रस्त्यानं हिरवं असं काही नव्हतंच. वस्तीवर पोचलो तर मशीन गोठ्यात उभं, वर टोपली, टोपलीत अंड्यांवर बसलेली कोंबडी. डब्याच्या बाजू गुळगुळीत, त्यामुळं मुंगसाला चढता येत नाही, म्हणून ही योजना. शेजारी आक्का. रामाची आई, सत्तरीची, मेंढरांमागं उभी हयात गेलेली.

"आक्का, हे मशीन साहेबांना पाहिजे," मी म्हटलं.

"पिल्लं निघूस्तोवर हात नाय लावायचा."

"चालेल. मग काय घ्याल?"

"इकायचं नाय." आक्कानं मान हलवली. "कुकू लावलेली वस्तू हाय ती. म्हून तर म्या भंगारात जाऊ दिली नाय. ती आल्यापास्नं एक अंडं वाया नाय गेलं माझं."

साहेबांचा चेहरा उतरला. आक्कानं तो पाहिला. म्हणाली, "इकायची नाय. पर अर्धलीनं देते."

अर्धलीनं म्हणजे निम्म्या वाट्यानं. धनगराची शेळी दुसऱ्यानं न्यायची, चारायची, सांभाळायची. शेळी मालकाचीच राहते, करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला शब्दावरचा व्यवहार.

फय्याजभाईंनी तोंडाला रुमाल लावला. पण खरात साहेब हसले नाहीत. म्हणाले, "कबूल, आक्का. जे होईल त्यात निम्मं तुमचं."

पिल्लं निघाली तसा रामाचा फोन आला. मशीन गारखेड्यात आलं. फय्याजभाईंनी त्याचा कोपरान् कोपरा साफ केला, फुगलेले भाग बदलले, नवी बॅटरी टाकली. साहेबांनी जपून ठेवलेली डिस्क बसवली, आपला सगळ्यात चांगला फ्लॅट मॉनिटर लावला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुरू करायचं ठरलं. आक्कालाही बोलावलं, मालकीण म्हणून.

बटण दाबलं. पंखे असे घोंगावले की वहिनी म्हणाल्या, "पिठाची गिरणी आणली काय?" पडद्यावर अक्षरं धावली, थांबली, परत धावली. साहेबांनी पडद्याला नाक लावून काहीतरी टाइप केलं.

आणि पायडल आलं! पांढऱ्या रेघांचं, काळ्या पडद्यावर. वरून, समोरून, बाजूनं आणि तिरकं, अशी चार चित्रं चार कोपऱ्यांत. खाली कोपऱ्यात नाव, बी. के. खरात.

वहिनींनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. फय्याजभाई उगाच चष्मा पुसत राहिले.

आक्का खुर्चीवरून उठली. पडद्याजवळ गेली. बोट लावून एकेक चित्र मोजलं.

"चार झाली!"

साहेब म्हणाले, "आक्का, एकच आहे ते. त्याच्याच चार बाजू आहेत."

"मला नका शिकवू, सायब. जलमभर करडं मोजली म्या." आक्कानं पदर सावरला आणि माझ्याकडं वळली. "शेठ, तुमी यापारी मानूस, तुमच्यावर सोडते. ह्यातली दोन माझी. ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या, ह्यांचं डोळं बरं झालं का बघत बसतील. पर हिसाब सच्चा ठेवा बरं का. पुढच्या खेपंला किती झाली, ते म्या सोता येऊन मोजनार हाय!"