शेषरावानं न सांगितलेलं वाक्य

एके काळी किन्हीराजात भीमजयंतीचं नाटक म्हटलं की पडद्याआड शेषराव, हे ठरलेलं होतं. शाळेतला शिपाई माणूस. वहीवर बॅटरी धरून वाक्य सांगायचा, पण स्वतः कधी उजेडात आला नाही. नटांना त्याचा नियम एकच, "थांबू नको. थांबला की सीन पडते." पडदा ओढायचं काम माझं, त्यामुळे त्याच्या खेकसण्यातला अर्धा वाटा मलाच मिळायचा.

पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेलं नाटक जुन्या वळणाचं होतं. प्रियेचं लग्न दुसरीकडे लागल्याची खबर राजपुत्राला येते. शहानिशा न करता तो विषाचा पेला उचलतो, "आता क्षणभरही थांबणे नाही" म्हणतो आणि पितो. मग ती धावत येते, लग्न मोडून आलेली. त्या मरणावर आम्ही सारे फिदा होतो. राजपुत्र झाला होता शेषरावाचा धाकटा भाऊ इंद्रभान. तालमीत तो नेमका त्या वाक्याआधी अडखळायचा, आणि शेषरावानं महिनाभर त्याच्याकडून घोटून घेतलं, थांबू नको. प्रेम करावं तर असं, हेही वर सांगायचा.

चार महिन्यांनी जऊळक्याच्या रत्नमालाची सोयरीक जमल्याचं इंद्रभानच्या कानावर आलं. त्याचा जीव तिच्यावर होता. त्यानं कोणाला काही विचारलं नाही, विष घेतलं. दुसऱ्या दिवशी रत्नमाला आली, घरच्यांना लग्नाला नकार देऊन. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं.

मला अजून त्या पोराचा राग येतो. गाढवा, एक दिवस दम धरायचा होता. शेषरावानं मात्र सगळा राग स्वतःवर काढला. वही पेटीत गेली आणि तो नाटकाकडे फिरकला नाही.

यंदा शेषरावाचा पुतण्या, मधल्या भावाचा पोरगा संघदीप ती वही मागायला आला. त्याचंही कुठंतरी जुळलेलं होतं, आणि तिचा फोन लागला नाही की हा जेवत नसे. शेषरावानं आठ दिवस घेतले, मग वही दिली. अट एकच, वाक्य तो स्वतःच सांगणार.

नाटकात संघदीपनं पेला उचलला आणि विंगेकडे कान दिला. वाक्य आलं नाही. मांडवात चुळबूळ झाली. शेषरावाचं बोट त्या ओळीवरच होतं. सांग ना, मी हळूच म्हटलं. मग तो बोलला, पण कुजबुजला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"थांब बाबू. ते येऊन राह्यली."

प्रिया झालेल्या निकिताला वाटलं आपली वेळ झाली, आणि ती धावत आत आली. पेला भरलेलाच होता. पुढचं वाक्य वहीत नव्हतं. शेषराव उठला, आयुष्यात पहिल्यांदा उजेडात गेला आणि संघदीपच्या हातातला पेला काढून घेतला.

"एवढंच सांगाचं राह्यलं होतं तुले, इंद्रभान."

संघदीपनं नाव दुरुस्त केलं नाही. पडदा मी ओढायचा होता, पण मला दोरी दिसेना.