मामीचा डावा कान

माणूस ओळखण्याच्या बाबतीत माझ्या मोठ्या मामांचा हात धरणारं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी नाही. असलाच कोणी, तर मामा त्याचे कान बघून तो कुठला, कोणाचा, हे त्याच्याआधी सांगून मोकळे होतील. भाची म्हणून मी ही बढाई मारत नाहीये. मारेगावात कोणालाही विचारा. निम्मे लोक हसून सांगतील, निम्मे कानावर हात नेतील. जग चेहरा बघतं, मामा कान बघायचे. कचेरीत जन्मभर दाखल्यांच्या टेबलावर बसून त्यांनी हे शास्त्र स्वतःच उभं केलं आणि त्यात गुरू, शिष्य, परीक्षक सगळं काही तेच. "चेहरा लबाड राह्यते," असं ते मला लहानपणापासून सांगत आले. "मिशी ठेवली का बदलला, पावडर लावली का बदलला. कान बिचारा आईच्या पोटातून जसा आला तसाच जाते."

या शास्त्राचे प्रयोग कुठेही, कोणावरही होत. एकदा वणीहून परत येताना बसमध्ये शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मामांनी दहा मिनिटं त्यांच्याकडे अशी टक लावली की तो माणूस खिसा चाचपायला लागला. मग मामांनी गोडीत विचारलं, "मुकुटबनकडचे काय तुमी?" तो म्हणाला, "नाही जी, पांढरकवड्याचा." मामा क्षणभरही डगमगले नाहीत. "मंग माय मुकुटबनची." त्या माणसाचा आ वासलेला तसाच राहिला. माय खरोखरच मुकुटबनची होती. त्यानं गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून गच्च बांधून घेतला आणि पुढच्याच थांब्यावर उतरला. तिकीट त्याचं पांढरकवड्यापर्यंत होतं, असं कंडक्टर नंतर हळहळत सांगत होता.

माझ्या मावसबहिणीला बघायला स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी मामांना मुद्दाम बोलावलं, आणि पुढचा तासभर सगळे पस्तावले. मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती, कशाशीच मामांना घेणंदेणं नव्हतं. मुलाच्या कानात ते मोबाइलवरची गाणी ऐकायचं बोंडूक होतं आणि मामांचा जीव तिथेच अडकला होता. पोहे संपत आले तरी ते निघेना, तेव्हा मामा उठले, मुलाजवळ गेले आणि म्हणाले, "बापू, तेवढं काढतं का? पोरगी द्याची आहे आमाले." मुलानं घाबरून दोन्ही काढली. मामांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि घरात येऊन निकाल दिला, "आज्यावर गेला. आजा सज्जन होता." लग्न झालं. संसार छान चाललाय. याचं श्रेय मामा आजही सोडत नाहीत.

देवाधर्मालाही त्यांच्या शास्त्रात सूट नव्हती. चौकातल्या गणपतीची मूर्ती घडत असताना हे रोज मूर्तिकाराकडे जाऊन बसायचे आणि एका सकाळी म्हणाले, "दोन्ही कान सारखे केले तुमी. असं कोणाचंच राहत नाही." मूर्तिकार काकुळतीला आला. "मामा, हत्तीचे कान हायेत ते." मामा म्हणाले, "हत्तीचेही सारखे नसते. जाऊन पाहा." आता मारेगावात हत्ती कुठून बघायचा? तो बिचारा मूर्तिकार त्यानंतर मामा आले की मूर्तीवर कापड टाकून चहाला निघून जायचा.

पण "दोन्ही कान सारखे नसतात" हे वाक्य मी मात्र तेव्हाच उचललं. मी पुढे नागपूरला शिल्पकला शिकायला गेले, आणि पहिल्या वर्षी सरांनी वर्गात विचारलं होतं की प्रेरणा कुठून मिळते. कोणी लेण्यांचं नाव घेतलं, कोणी डोंगरांचं, एकानं तर दुःखाचं घेतलं. मी म्हणाले, मारेगावच्या बसस्टँडवरून. वर्ग हसला. पण खरं तेच होतं. शाळकरी वयात मामा मला स्टँडवरच्या बाकावर घेऊन बसत. कापसाच्या गाड्या जात, माणसं चढत-उतरत, आणि घरी आल्यावर मामा विचारत, "सांग, आज कोण कोण पाह्यलं?" नावं चालायची नाहीत. नाक कसं, हनुवटी कशी, मान कोणत्या बाजूला कलती, हे सांगावं लागे. मातीत बोटं घालायला मला कॉलेजनं शिकवलं, पण बघायला मामांनी शिकवलं. आणि हे सांगताना मला आजही शरम वाटत नाही, छाती फुगते.

या सगळ्या प्रकारात मामी कुठे होती, असं कोणी विचारेल. मामी स्वयंपाकघराच्या दारात होती, हसत. डोक्यावर पदर, केस कानांवरून खाली वळवून मागे घट्ट अंबाडा. मला ती जुन्या वळणाची वाटायची. मामांचं शास्त्र रंगात आलं की तिचा आवाज यायचा, "जगाचे कान पाहून झाले असतील तं आता ताट पाहा. भाजी थंडी होऊन राह्यली." मूलबाळ नव्हतं त्यांना. मी दहावीत असताना मामी अचानक गेली आणि मामा महिनाभर कोणाच्याही कानाबद्दल बोलले नाहीत. नंतर हळूहळू पूर्वीसारखे झाले, किंवा आम्हाला तसं वाटलं.

शेवटच्या वर्षाला मला एक अर्धपुतळा करायचा होता. मी मामीचा करायचं ठरवलं. अडचण एकच. मामीचा धड असा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, पंगतीत वाढताना उजव्या बाजूनं काढलेला. पण माझ्याकडे मामा होते. ज्या माणसाला बसमधल्या परक्याची आई कळते, त्याला स्वतःची बायको पाठ असणारच. म्हणून संक्रांतीच्या सुमाराला मी शाडूची पोती, आतला लोखंडी सांगाडा आणि कोरण्या घेऊन मारेगावला आले आणि मामांच्या ओसरीत ठाण मांडलं.

पहिल्याच आठवड्यात अनर्थ झाला. माती वाळू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं ठेवावं लागतं, हे मी मामांना सांगितलं आणि दुपारी जरा कलंडले. मामा तुळशीला घालतात तसं तांब्यानं पाणी घालत बसले, अर्ध्या तासानं एकदा. मी उठून पाहते तर मामीची हनुवटी गळ्यापर्यंत ओघळलेली. मी रडकुंडीला आले. मामा अपराध्यासारखे म्हणाले, "तिले तहान फार लागायची ना." मी चेहरा पुन्हा उभा केला.

नंतर मात्र काम झकास चाललं. मामा खुर्चीत डोळे मिटून बसत आणि सांगत. कपाळ असं, गालाचं हाड तसं, हसली की नाकाची पुडी कशी फुगायची. मी चुकले की डोळे न उघडताच त्यांना कळायचं की काय, कोण जाणे. उजव्या कानाला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. वरची कड जाड, मधला खळगा खोल, पाळी मोकळी आणि बोराएवढी. कान झाला तेव्हा मला वाटलं, मामी आता बोलेल. मी हात धुतले आणि म्हणाले, "मामा, आता डावा."

मामांनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाले, चहा घेऊन सांगतो. चहा झाला. मग म्हणाले, जेवून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंघोळ करून बसले, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि तासाभरानं म्हणाले, "नाही येऊन राह्यला." तिसऱ्या दिवशी ते पुतळ्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मले तिचा डावा कान आठवत नाही." मला आधी हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा बघितला. सगळ्या तालुक्याचे कान तोंडपाठ असलेला माणूस इतक्या वर्षांच्या संसाराचा हिशेब जुळवत उभा होता. रस्त्यानं चालताना ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला असायची, सिनेमाला गेले तरी खुर्ची बदलून घ्यायची, उजवीकडचे केस कानावरून सरकले तर सरकू द्यायची पण डावीकडचे लगेच सारखे करायची, हे त्यांना आता एकेक करून आठवत होतं.

मीच सुचवलं की मामीच्या मोठ्या बहिणीला भेटू, बहिणी-बहिणींचे कान मिळतेजुळते असतील. मामांना हे एकदम शास्त्रीय वाटलं. बस बदलत आम्ही फुलसावंगीला पोचलो. अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मामांनी पाण्याचा पेला हातातही घेतला नाही. "अक्का, जरा पदर बाजूले घ्या. तुमचा डावा कान पाहाचा आहे."

अक्कांनी शेंग खाली ठेवली. "जवाईबापू, या वयात काय सुचून राह्यलं तुमाले?"

मी घाईघाईनं सगळं समजावून सांगितलं. पुतळा, परीक्षा, उजवा कान, डावा कान. अक्का ऐकत राहिल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. "माह्या कानाचा काही उपेग नाही, बाई. तिचा डावा फाटका होता. सात-आठ वर्साची असन. झोक्यावर बसलती, बाळी दोरीत अटकली अन् पाळी खालपावतर फाटली. दोन तुकडे झाले."

"मले काहून नाही सांगितलं तिनं?" मामांनी विचारलं.

"सांगणार होती. पण लग्नाच्या मांडवातच तुमी साऱ्या बायांच्या कानाचं सांगून राह्यलते, हिचा असा, तिचा तसा. लोकं हासत होते. घरात येऊन मले म्हणे, अक्का, यायले कसा दाखवू माहा कान? मंग तिनं केस खाली वळवले. वाटलं, पुढं सांगीन. राह्यलं ते राह्यलंच."

मामा तिथेच खाली बसले आणि अक्कांच्या सुपातली एक शेंग घेऊन सोलायला लागले. दाणे जमिनीवर पडत होते, ते त्यांना दिसत नव्हतं. परतीच्या बसमध्ये समोरच्या बाकावर सुपासारख्या कानांचा एक म्हातारा बसला होता. एरवी मामांनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची दया आली, आणि मामीबद्दल असा अभिमान दाटून आला की सांगता येत नाही. एवढी गोष्ट मनात ठेवून ती बाई जन्मभर त्या माणसाच्या वेडावर हसत राहिली. त्याला एकदाही टोचून बोलली नाही, आणि त्याच्या शास्त्राला दुसऱ्या कोणाला नावंही ठेवू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डावा कान केला. वरची कड उजव्यापेक्षा थोडी बारीक ठेवली, आणि पाळी कोरणीनं मधोमध चिरली. फाटलेलं कातडं बरं होताना कडा आत वळतात, त्या तशा वळवल्या. मामांना हाक मारली. ते आले, चष्मा पुसला, आणि खूप वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच त्यांनी मातीला हात लावला. एका बोटानं, अगदी हळू, त्या चिरेवरून.

"एवढंच होतं व्हय," ते म्हणाले. "किती चांगला कान आहे."

असाच ठेवू का, असं मी विचारणार होते. कॉलेजच्या दृष्टीनं तो कान म्हणजे त्या पुतळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. परीक्षक त्याच्यासमोर थांबले असते, प्रश्न विचारले असते. पण मामांचं बोट अजून तिथेच होतं, आणि माझ्याच्यानं विचारवेना. मी पाटावर मातीची पातळ पोळी लाटली आणि मामीच्या डोक्यावरून पदर घेतला. डावीकडचं टोक मामांनी धरलं. आम्ही दोघांनी मिळून तो पदर कानावरून खाली सोडला. मातीवरून साचा काढून पुतळा ओतला की आतली माती निघून जाते आणि वर दिसतं तेवढंच राहतं, पदराखालचा कान राहत नाही, हे मामांना मी आधीच सांगितलेलं होतं.

परीक्षक म्हणाले, काम उत्तम आहे, पण डावीकडे पदर जरा जड झालाय. मी हो म्हणाले. आता तो पुतळा मारेगावला मामांच्या ओसरीत आहे. येणारे-जाणारे बघतात, हुबेहूब आहे म्हणतात, आणि मामांना चिडवतात की भाचीची नजर अगदी तुमच्यावर गेली. मामा पूर्वीसारखं कोणाच्या कानांकडे बघत नाहीत. त्या लोकांना ते खुर्ची देतात, पाणी देतात आणि सांगतात, "माह्यावर नाही गेली. कोणाचं काय दाखवाचं नाही, ते तिले समजते. मले लई उशिरा समजलं."