लाल चिंध्यांची झाडं

वसमतला तेलाच्या गिरणीपुढून जाताना भरडलेल्या सरकीचा वास आला, की माझा जबडा आजही घट्ट मिटतो.

निजामाच्या राजवटीतला तो शेवटचा हिवाळा. पैनगंगेकाठी आमची कपाशी फुटली होती आणि सासूबाई बियाण्याची झाडं निवडत होत्या. बुडापासून बोंडं लागलेलं झाड बघायचं, त्याची एक सरकी दाढेखाली फोडायची, जिभेवर तेल उतरलं तरच झाडाला खूण बांधायची. "अंबाडीचा वाख बांध," असं त्यांनी मला सांगितलं होतं. वाखाचा तो फिका धागा वेचणीच्या वेळी पांढऱ्या कपाशीत दिसणार कसा? मी जास्तीचं शहाणपण केलं आणि जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या.

त्या लांबून दिसल्या. निजामाचे बंदूकवाले घोड्यांवरून थेट कपाशीत घुसले. नदीपलीकडून येणाऱ्या बंडवाल्यांना हा इशारा आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"किसने बांधा?"

सासूबाई पुढं झाल्या. "म्या बांधल्या. बियाची झाडं हायती, दुसरं काही न्हाई."

बंदुकीचा दस्ता त्यांच्या जबड्यावर बसला. कडकन आवाज झाला. फुटलेल्या कापसावर रक्त उडालं, दात मातीत पडले. मग एकेक चिंधी हेरून बंदूकवाल्यांनी नेमकी तेवढीच झाडं उपटली आणि घोड्यांखाली तुडवली. बाकीच्या कपाशीला हातही लावला नाही.

ते गेल्यावर मी रडत सासूबाईंचे पाय धरले. त्यांनी तुडवलेल्या बोंडातली एक सरकी चाचपून काढली, माझ्या ओठांशी धरली आणि रक्तानं भरल्या तोंडानं म्हणाल्या, "पोरी, आता तू चाव."